टँकरच्या मागे

जग बुडाल्यानंतरचे मारधाडीचे पिक्चर मला आवडतात, कारण त्यांत कोणी वाट बघत बसत नाही. मी तलासरीच्या डोंगरातल्या शाळेत मास्तर. बदलीची ऑर्डर, डहाणूची एसटी, मोबाईलची रेंज, सगळ्याची नुसती वाट बघतो. डोकं फिरतं.

परवा मधल्या सुट्टीत मोबाईलमध्ये भरून आणलेला तसाच एक पिक्चर बघत होतो. वाळवंटात पाण्याच्या एका टँकरमागे पन्नास गाड्या सुसाट सुटलेल्या. माझे पाय टेबलाखाली थांबेनात.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, रांगेत हंडे ठेवून ही माणसं घरी का नाही गेली?"

मी वैतागलो. "अहो मावशी, जग संपलंय त्यांचं!"

"तरी टँकर येतो?" त्या म्हणाल्या. "आमचा आठ दिवस झाले, आलेला नाही."