पक्कं झाल्याशिवाय बोलायचं नाही

त्या वर्षी या माणसाच्या पायाला भिंगरीच लागली होती. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, हातात रद्दीवाल्याकडून आणलेलं बिनकव्हराचं पुस्तक आणि तोंडाने अखंड पुटपुट. दाढी करताना पुटपुट, बूट घालताना पुटपुट. बसस्टॉपवर एका बाईने मला हळूच विचारलं, "तुमचे मिस्टर जप करतात का हो?" मी म्हटलं, "जप कसला डोंबलाचा, रशियन शिकतात!" ती बाई दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली.

आमचे हे टर्नर. लेथ मशीनवर अडतीस वर्षं लोखंड सोलत आलेत. "माझा एक जॉब कधी रिजेक्ट होऊन परत आला नाही," हे वाक्य मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ऐकतेय. मायक्रोमीटर लावून बघायचं, केसाएवढा फरक निघाला तरी नग बाजूला. घरातही तेच. मी पडदा लावला की तो वाकडा, मी खिळा ठोकला की तो तिरका. अहो, खिळाच तो, त्याला काय विमानाला लावायचाय?

अशा माणसाने साठीला टेकल्यावर रशियन शिकायचा घाट का घातला, तर नातीसाठी. आमचा मुलगा डॉक्टर व्हायला तिकडे गेला आणि तिथलीच मुलगी केली. त्यांना पोरगी झाली. तिचं खरं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी चिऊ म्हणते. दर रविवारी ती फोनवर दिसायची, आणि मुलगा मध्ये बसून तिकडचं बोलणं इकडे, इकडचं तिकडे करायचा. मग नवरा-बायकोचं फिसकटलं. आमचे चिरंजीव तिसऱ्याच देशात निघून गेले, चार-चार महिने आम्हालाच फोन नाही, तर लेकीला कुठला करणार! चिऊ आईबरोबर तिच्या आजीच्या घरी राहिली. सूनबाई, म्हणजे आता सूनबाई म्हणायचं की नाही देव जाणे, पण बाई मनाची चांगली. तिने रविवारचा फोन चालू ठेवला. फक्त मध्ये बोलणारं कुणी उरलं नाही. फोनमधल्या भाषांतर करणाऱ्या बाईला बोलवून पाहिलं. ती बया इतक्या कोरड्या आवाजात बोलली, की सहा वर्षांची पोर घाबरून विहीणबाईंच्या पाठीमागे लपली.

"मीच शिकतो," हे म्हणाले. "माणसंच बोलतात ना ती भाषा?"

झालं. वर्कशॉपच्या जॉबकार्डांच्या कोऱ्या बाजूंवर शब्दांच्या रांगा लागल्या. उशीखाली शब्द, आरशाला चिकटवलेले शब्द. वर्कशॉपचा फोरमन मला भेटला तर म्हणतो, "वहिनी, हे मशीनवर उभे राहून काय बोलतात हो? नवीन माणसाला वाटतं, त्यालाच शिव्या देतायत."

तीन महिन्यांनी एका रविवारी यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, घसा खाकरला आणि पहिलं वाक्य टाकलं. चिऊ खो-खो हसली. त्यात वाईट काही नव्हतं, पोरंच ती. विहीणबाईही हसल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पण यांचा चेहरा खर्रकन उतरला. फोन बंद झाल्यावर म्हणाले, "आता पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

आणि खरंच उघडलं नाही! दर रविवारी ताठ बसायचे, चिऊकडे टक लावून बघायचे, ओठ मिटलेले. आतल्या आत वाक्य घासत असायचे, ते मला कळायचं. त्या चिमुरडीला कसं कळणार? मग मीच किल्ला लढवायचे. भाजी चिरता चिरता यांचं ऐकून मलाही पंधरा-वीस शब्द चिकटले होते. मांजर, टोपी, बर्फ, आणि सगळ्याला 'खराशो', म्हणजे छान. मांजर खराशो, टोपी खराशो. पाच मिनिटांत माझं दुकान रिकामं.

"विभक्त्या सगळ्या चुकवतेस तू," हे नंतर म्हणायचे.

"चुकवते, पण बोलते तरी! तुम्ही फोटो काढायला बसल्यासारखे बसता."

पुन्हा गॅलरी, पुन्हा स्वयंपाकघर. खालच्या मजल्यावरचे मास्तर एकदा वर येऊन विचारून गेले, घरात कुणी आजारी आहे का.

एक दिवस सूनबाईचा लांबलचक मेसेज आला. पुस्तक घेऊन हे दोन तास त्या मेसेजशी झटत बसले. ती दुसरं लग्न करून वेगळ्या शहरात निघाली होती. चिऊला शाळाही नवी. पुढे लिहिलं होतं, 'चिऊला हवा असेल तोवर रविवारचा फोन करू. मी तिच्यावर जबरदस्ती करणार नाही. गेले काही रविवार ती नको म्हणते आहे.' यांनी ते तीनदा वाचलं. आपलं काहीतरी चुकलं असावं, वेगळाच अर्थ निघावा, अशी आशा त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा केली असेल. पण अर्थ तोच निघाला.

मला इतका राग आला म्हणता! मुलाचा, यांचा, त्या पुस्तकाचा. यांनी आठवडाभर एक पानभर भाषण तयार केलं. खोडायचे, लिहायचे, चालायचे. दोन घास खाऊन उठायचे.

रविवारी फोन लागला. नवीन घर, जिकडे तिकडे खोकी. विहीणबाई सामान लावायला आल्या होत्या, त्यांनी फोन धरला होता. चिऊ दिसेना. आतून तिचा आवाज तेवढा आला, भरभर, चिडका.

मला काही कळलं नाही. यांनी मात्र हातातला कागद खाली ठेवला.

"काय म्हणाली हो?"

"म्हणाली, नको. आजोबा नेहमी रागावलेले असतात. त्यांना मी आवडत नाही."

इतक्या महिन्यांत पुस्तक न उघडता यांना समजलेलं पहिलं वाक्य हे. हे उठले आणि थेट गॅलरीत गेले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तसेच उलट्या पावली परत आले आणि उभ्यानेच, मशीनच्या आवाजात बोलतात तसं ओरडून बोलले. ते आणि पुढचं सगळं बोलणं यांनी मला नंतर सांगितलं, ते साधारण असं होतं, "चिऊ! मी राग नाही! मी वाईट बोलतो. तू हसलास, मी भितो. मी फार भितो!"

विहीणबाईंनी फोन आतल्या खोलीकडे वळवला. बऱ्याच वेळाने फोनच्या पडद्याच्या कोपऱ्यात अर्धा चेहरा आला.

"मी पण शाळेत बोलत नाही," चिऊ म्हणाली.

"का?"

"सगळे हसतील."

यांनी माझ्याकडे बघितलं. मग हे फोनच्या अगदी जवळ गेले. "तू माझ्यावर हस," म्हणाले. "मी बोलतो. वाईट बोलतो. तू हस."

आणि सुटले की! ही खुर्ची. ही आजी. आजी रोज रागावतो. आजी टोपीत भाजी करतो. सगळं उलटंपालटं, सगळं मोठ्याने. चिऊ आधी तोंडावर हात ठेवून हसली, मग पोट धरून. तिने एक चूक दुरुस्त करून दिली, यांनी तोच शब्द दुसऱ्या तऱ्हेने चुकवला, ती खोक्यावर लोळायला लागली. यांचे कान लालबुंद झाले होते, पण थांबले नाहीत. मुद्दाम चुकत होते की खरंच, ते मी अजून विचारलेलं नाही. मला मात्र रडू आलं, सरळ सांगते.

फोन ठेवायची वेळ झाली तेव्हा चिऊ म्हणाली, "उद्या."

विहीणबाईंनी समजावलं, फोन रविवारी असतो.

"नाही. उद्या."

"शाळेतून आल्यावर?" यांनी विचारलं.

चिऊ खोक्यावर उठून बसली. मग म्हणाली, "शाळेत जायच्या आधी."