नेटीचा होकार

कॅनडातल्या, ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या पहिल्या बुधवारी नेटी ह्रिन्किव चर्चच्या तळघरात उतरली, तेव्हा तिच्या ओट्यावर पॅट्सी कणीक मळत होती.

ओटा तसा चर्चचा. पण एकोणीस वर्षं तिथल्या पेरोगींची, म्हणजे उकडलेल्या युक्रेनी करंज्यांची, कणीक नेटीनंच मळली होती. बटाटे उकडलेलं कोमट पाणी, तेल, आणि अंड्याचं नाव नाही. दर बुधवारी बारा-चौदा बायका लांब टेबलाभोवती बसून त्या कणकेच्या चकत्यांत बटाटा-चीजचं सारण भरत, कडा चिमटत, आणि चर्चच्या विक्रीतून शुक्रवारपर्यंत अर्ध्या गावाच्या फ्रीजरमध्ये नेटीची कणीक जाऊन बसे.

"ये, मावशी," पॅट्सी म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. पुढं ती आणखी काहीतरी बोलली, पण मिक्सर चालू होता. नेटीनं मान हलवली, कोट खुंटीला लावला आणि टेबलाच्या टोकाला रिकामी खुर्ची होती तिथं बसली. खुर्ची सिंकला लागून होती. मागं स्टीलची भांडी आदळत होती.

तिनं विचारलं काहीच नाही. पॅट्सी ही इरीन बोइचुकची सून, आणि स्वयंपाकघराचा सगळा कारभार इरीनच्या हातात. यात विचारायचं काय राहिलं?

घरी आल्यावर तिनं वॉल्टरला सांगितलं. वॉल्टर म्हणजे नवरा. चव्वेचाळीस वर्षांचा संसार.

"सून पुढं आणायची होती, म्हणून मला बाजूला केलं. सगळ्या मिळालेल्या आहेत."

"इरीनला विचारलंस?"

"काय विचारू? मी जिना उतरले की सगळ्या गप्प होतात."

"नेटी, एकदा कान दाखवून ये."

"माझ्या कानांना काय झालंय? लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. तूसुद्धा."

वॉल्टर पुन्हा पेपरात शिरला.

त्यानंतर नेटी नजर ठेवू लागली. कोण कोणाच्या कानाशी लागतं, कोण हसून तिच्याकडं बघतं, हे ती चिमटता चिमटता टिपत होती. एकदा पॅट्सीनं टेबलापलीकडून काहीतरी विचारलं. नेटीला वाटलं, ती पीठ चाळलंस का म्हणून विचारतेय. "हो, दोनदा," ती म्हणाली. पॅट्सीनं घाईनं सारणाची चव घेतली आणि टेबलभर हशा पिकला. पॅट्सीनं 'मीठ घातलंस का' असं विचारलं होतं. 'मीठ' आणि 'पीठ' ओठांवर सारखेच दिसतात, हे नेटीला कुठं ठाऊक? तिला एवढंच दिसलं, की बारा जणी तिला हसतायत. तीही हसली. संध्याकाळपर्यंत तिचा जबडा दुखत होता.

हळूहळू मंगळवार दुपारपासूनच ती बुधवार टाळायची निमित्तं शोधायला लागली. बुधवारी गाडीतून उतरायच्या आधी ती पाच-पाच मिनिटं स्टिअरिंग धरून बसून राही. शेजारच्या एल्मरशीही तिनं बोलणं टाकलं होतं, कारण शेडमागची वॉल्टरची होडी नाहीशी झाली होती आणि एल्मरच्या अंगणात तसल्याच होडीवर ताडपत्री होती. जग तिच्या पाठीमागं काहीतरी ठरवत होतं, याबद्दल तिला शंका उरली नव्हती.

नोव्हेंबरात तिला युक्ती सुचली. चर्चच्या सिंकचा नळ गळत होता.

"तू ये आणि नळ दुरुस्त कर," तिनं वॉल्टरला सांगितलं. "सिंकखाली आडवा झालास की तू तिथं आहेस हेच त्या विसरतील. कान उघडे ठेव. माझ्याबद्दल काय बोलतात ते मला सांग."

"म्हणजे मी हेरगिरी करायची?"

"नळ दुरुस्त करायचा."

वॉल्टरनं दहा मिनिटांचं काम दोन तास पुरवलं. पाना खाली पडे, पुन्हा उचलला जाई. नेटी कडा चिमटत होती आणि सिंकखालून बाहेर आलेल्या त्याच्या बुटांकडं अधूनमधून बघत होती.

परत येताना ट्रक गावाबाहेर पडल्यापडल्या तिनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

तो काहीतरी बोलला. इंजिनाच्या घरघरीत तिला निम्मंच कळलं, पण तिनं मान हलवली. तसा त्यानं ट्रक खडीच्या रस्त्याच्या कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि तिच्याकडं पूर्ण वळून बसला.

"आता मी काय म्हणालो?"

नेटी कापलेल्या शेताकडं बघायला लागली.

"तुझं नाव दोनदा निघालं," तो सावकाश म्हणाला. "तू पोती आणायला वर गेली होतीस तेव्हा. इरीन म्हणाली, नेटीचा खांदा दुखतो म्हणून कणीक पॅट्सीकडं देऊ का असं मी तिला विचारलं, तर तिनं हसत हसत कणीक सोडली. फार मोठ्या मनाची बाई आहे, म्हणाली."

"मी? मला कुणी विचारलंच नाही."

"सप्टेंबरात विचारलं. सगळ्यांसमोर. तू मान हलवलीस."

"खोटं आहे. तिनं तुला शिकवून ठेवलंय."

"मला कोण काय शिकवणार? मी सिंकखाली होतो."

"आणि दुसऱ्यांदा?"

वॉल्टरनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "पॅट्सीनं तुझी नक्कल केली. मान कशी हलवतेस त्याची. दोघी-तिघी हसल्या. इरीननं तिला झापलं."

ही दुसरी गोष्ट त्यानं सांगितली म्हणून पहिलीवर तिचा विश्वास बसला.

"आणखी कशाकशाला मी हो म्हटलंय?" तिनं विचारलं.

"होडी."

"होडीचं काय?"

"एल्मरला देऊ का म्हणून विचारलं होतं. तू हो म्हणालीस. मला नवलच वाटलं."

लोक काय म्हणतात याची इतके आठवडे धास्ती होती; आता आपणच कुठं काय कबूल करून बसलोय, याची बसली. बँकेत, दवाखान्यात, फोनवर मुलीला. ऐकू न आलेला प्रत्येक प्रश्न तिनं मानेवर निभावून नेला होता.

यॉर्कटन शहरात कान तपासणाऱ्या बाईनं सांगितलं, की हे सात-आठ वर्षांपासून हळूहळू होत आलंय. बाई समोर बसून, मास्क खाली करून बोलत होती. "न ऐकता हो म्हणणं दमवतं," ती म्हणाली. "आणि जे ऐकू येत नाही, ते मन आपल्या भीतीप्रमाणं भरून काढतं."

कानाची यंत्रं आली. पहिल्या बुधवारी ती घालून नेटी तळघरात गेली आणि भांड्यांचा आवाज सुरी घुसावी तसा आत शिरला. ती उठून जिन्यात जाऊन बसली. कान तपासणाऱ्या बाईनं सांगितल्याप्रमाणं दहा लांब श्वास घेतले, मग आणखी दहा. तेवढ्यात इरीन मागोमाग आली.

"काय झालं गं?"

"मला नीट ऐकू येत नाही, इरीन. खूप दिवसांपासून."

इरीन तिच्याशेजारी पायरीवर टेकली. "मग मी विचारलं तेव्हा..."

"मी ऐकलंच नव्हतं."

"अगं बाई. आणि मी गावभर तुझं कौतुक करत फिरले."

खाली जाऊन नेटीनं मिक्सर बंद करायला सांगितलं. उभ्यानंच म्हणाली, "माझ्या मानेवर कुणी विश्वास ठेवू नका. तोंडानं हो म्हणेन तेच खरं. माझ्याशी बोलायचं तर समोर येऊन बोला. आणि मी सिंकपाशी बसणार नाही, भिंतीकडं पाठ करून बसेन." मग पॅट्सीकडं बघून म्हणाली, "नक्कल बरी करतेस असं ऐकलं."

पॅट्सीचा चेहरा उतरला. "चुकलं, मावशी."

"एक बुधवार तू मळ, एक मी. तुझी कणीक घट्ट होते."

"होते," पॅट्सी म्हणाली. जवळ येऊन, समोर उभी राहून म्हणाली.

होडी एल्मरकडंच राहिली. नेटीनं त्याला तळलेल्या कांद्यासकट पेरोगींचं भांडं नेऊन दिलं, कारण मात्र सांगितलं नाही. मंगळवारी ती अजून निमित्तं शोधते, पण पूर्वीइतकी नाही. टेबलावर कुजबुज झाली की तिची नजर अजूनही तिकडं जाते. फरक एवढाच, की आता ती हातातलं काम खाली ठेवते आणि विचारते, "काय चाललंय? मला सांगा." बहुतेकदा विषय कुणाच्या तरी गुडघ्याचा निघतो. एकदा मात्र तिच्याच नव्या केशरचनेचा निघाला, आणि मत काही चांगलं नव्हतं. तेही तिनं पूर्ण ऐकून घेतलं.