फोटोखालची हजेरी

मास्तरांच्या स्टाफरूममध्ये किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. दोघं बसले की तिसऱ्याचा किस्सा निघतो. तिसरा आला की चौथ्याचा!

आमच्या घनसावंगी तालुक्यातल्या शाळेत त्यात इंटरनेटची भर पडली. तेव्हा मोबाइलवर माणसं फक्त बोलायची. बसस्टँडजवळ नेट कॅफे उघडला आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही जीपमध्ये कोंबून तिकडे. तिथे एक साइट होती. ज्याचं त्याचं एक पान, त्यावर फोटो, आणि कोणीही येऊन काहीही लिहून जावं अशी सोय. हेडमास्तर शेळके सरांनी सगळ्या स्टाफला पान काढायला लावलं. "जमाना बदलून राह्यला, आपण मागं राह्यचं न्हाई!"

*

शेळके सर पासवर्ड विसरायचे. म्हणून त्यांनी तो स्टाफरूमबाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवला. तो फळा सुविचाराचा! सोमवारी आठवीच्या सगळ्या पोरांनी तो वहीत उतरवून घेतला, खाली रेघ मारून.

मी म्हणालो, "सर, हा तर सगळ्यांना कळला की."

"कळू द्या. आपल्याला काय लपवायचंय? तुमीबी हाच ठेवा, इसरायची भानगड न्हाई."

झालं. साऱ्या स्टाफचा एकच पासवर्ड. त्यानंतर कोणाच्या नावाने कोण काय लिहितंय, याचा पत्ताच लागेना.

*

इंग्रजीचे खरात सर त्या पानाला पोस्टाची पेटी समजायचे. टाकलं की ज्याचं त्याला मिळतं, असा हिशेब. त्यांनी पुण्याच्या मेव्हण्याच्या पानावर मन मोकळं केलं : "आत्याबाईंना येऊन लई दिवस झाले. जायचं नाव न्हाई. तुम्ही येऊन घेऊन जा."

आत्याबाई म्हणजे खरातांच्या सासूबाई. मेव्हण्याने वाचायच्या आत जालन्यातल्या भाच्याने वाचलं आणि थेट आत्याबाईंनाच फोन लावला.

सोमवारी खरातांचा चेहरा उतरलेला. मी विचारलं, "गेल्या का?"

"कशाच्या? बॅग भरून तयार होत्या. ती खोलली अन् म्हनल्या, आता दिवाळी करूनच जाईन!"

*

त्या साइटवर आपल्या पानावर कोण डोकावून गेलं तेही दिसायचं. शेळके सरांना हे माहीत नव्हतं. ते शिक्षण खात्यातल्या साहेबांचं पान दर शनिवारी न चुकता उघडायचे. घर केवढं, पोरं किती, सगळं बघायचे.

साहेब तपासणीला आले. चहा घेताना सहज म्हणाले, "शेळके, दर शनिवारी येऊन जाता. काही काम आहे का?"

सर बशीतला चहा तसाच धरून बसले. "न्हाई साहेब. रस्त्यातच पडतं, म्हणून आल्तो."

*

आमच्यात वैशाली मॅडम सगळ्यांत लहान. शिकवायच्या विज्ञान, गाव पिंपळगाव रेणुकाई. घरून लांब, खोली करून एकट्या राहायच्या आणि नोकरीत खूश होत्या. एका दुपारी डबे उघडलेले असताना खरातांनी एक पाकीट फोडलं. त्यांच्या धाकट्या भावासाठी मध्यस्थाने स्थळाचा फोटो पाठवला होता. खरातांनी फोटो पाहिला, मग समोर पाहिलं, मग परत फोटो पाहिला.

"मॅडम, हे... तुमीच का?"

मॅडमनी फोटो हातात घेतला. जालन्याचा स्टुडिओ, मागे धबधब्याचा पडदा.

"मीच आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण आण्णांनी माझा फोटो स्थळासाठी फिरवलाय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

आण्णा म्हणजे त्यांचे वडील. फोटो पर्समध्ये टाकून मॅडमनी डबा बंद केला. आम्हाला सगळ्यांनाच वाईट वाटलं.

*

मग गॅदरिंग झालं. मॅडम मुलींबरोबर लेझीम खेळल्या, आणि शेळके सरांनी मोठ्या कौतुकाने तो फोटो आपल्या पानावर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या शाळेची शान'. त्याच्याखाली साऱ्या स्टाफचं 'छान, छान'.

मॅडमना कळलं तशा त्या धावत आल्या. "सर, काढा तो! आण्णांनी बघितला तर माझी नोकरी सुटली. मला उचलून घरी नेतील."

"काढला असता हो," सर कळवळून म्हणाले, "पण टाकायचं तेवढंच शिकलो ना!"

शनिवार यायच्या आत आण्णाच आले. पुतण्याने दाखवलं होतं. आण्णा म्हणजे रिटायर मुख्याध्यापक. धोतर, कोट, हातात रिकामी पिशवी. लेकीकडे न बघता म्हणाले, "सामान भर." मग आमच्याकडे वळले. "त्या फोटोखाली कोनी कोनी लिव्हलंय, माझ्या ध्यानात हाय. हजेरी घेतो. शेळके!"

शेळके सर उभे राहिले. "हजर."

"खरात!"

"हजर, सर."

माझंही नाव आलं. मी तर काही लिहिलंच नव्हतं, माझ्या नावाने कोणीतरी लिहिलं होतं. पण तो आवाज ऐकून तोंडातून आपोआप निघालं, "हजर!"

सगळा स्टाफ उभा. आण्णा म्हणाले, "ल्योक-लेकी शिकवता तुमी. तिचा फोटो चार लोकांत लावायच्या आधी तिला इचारलं का कोनी?"

मग ते लेकीकडे वळले.

"चल गं," आण्णा म्हणाले. "हजेरी झाली."

"नाही झाली, आण्णा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पर्समधून तो स्टुडिओतला फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. "एक नाव राह्यलं."

आण्णांनी फोटोकडे पाहिलं. मग हातातली पिशवी खुर्चीवर ठेवली, कोटाची गुंडी लावली आणि आमच्या रांगेत येऊन उभे राहिले.

"हजर," म्हणाले.