शनिवारी येणारी श्रावणी

हे मी प्रार्थनेतही कधी सरळ शब्दांत बोललेले नाही. गुडघे टेकले की म्हणते, प्रभू, तुला सगळं माहीत आहे – आणि पुढच्या विनंतीकडे वळते. त्याला माहीत आहे, म्हणून मला सांगावं लागत नाही, अशी ही सोय. माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आमच्या पाळकसाहेबांनाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

अंबरनाथला आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, एक खोली आहे, पहिल्या मजल्यावर, खाली पिठाची गिरणी. तिथे दर शनिवारी दुपारी मी आठवी ते बारावीच्या मुलांना घेऊन बसते. बायबल वाचतो, गाणी म्हणतो, आणि बोलतो – खरं तर बोलतोच जास्त. या वयाची मुलं बाहेरून कितीही टपोरीगिरी करोत, आतून एकच विचारत असतात. मी कोण? मार्कांवरून ठरतं, की रंगावरून, की बाप काय करतो त्यावरून? मी त्यांना सांगते, तुम्ही जन्मायच्या आधीपासून देव तुम्हाला नावाने ओळखतो. हे मी मनापासून सांगते. तेव्हाही मनापासूनच सांगत होते – म्हणून पुढचं जड जातं.

श्रावणीला रूथने आणलं. रूथ आमच्या मंडळीतली. दोघी अकरावीला एका वर्गात. श्रावणीचं घर चिखलोलीच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये, आणि घर हिंदू. रिक्षा बदलून यायची.

ते दिवस बरे नव्हते. जवळच्याच एका प्रार्थनेच्या जागी काही माणसं येऊन विचारून गेली होती – इथे पोरांना काय शिकवता, कोण कोण येतं. कुणाला हात लावला नव्हता. पण तेव्हापासून जिन्यात अनोळखी चप्पल दिसली तरी मी आधी कोण आलंय ते डोकावून बघायचे. भीती खरी होती. पण थांबा, हे कारण म्हणून पुढे करत नाही. भीती आम्हा सगळ्यांनाच होती. खोटं मी एकटीच बोलले.

श्रावणी कोपऱ्यात बसायची. सगळं लक्ष देऊन ऐकायची, गाताना मात्र ओठ हलायचे नाहीत. आली की फोन काढायची, निघताना पुन्हा काढायची. कुणाला कळवते ही? कुणी पाठवलंय हिला? बाकीच्या पोरांच्या हातातही फोन असायचेच – ते मला दिसत नव्हते.

जानेवारीतल्या एका शनिवारी तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “ताई, मी तर तुमच्यातली नाही. मग तुम्ही म्हणता तो देव मलापण ओळखतो का?”

इतक्या वर्षांत मला कुणी याहून चांगला प्रश्न विचारलेला नाही. आणि मला त्यात काय ऐकू आलं? सापळा. ‘हो’ म्हटलं की उद्या माणसं दारात – आमच्या मुलीला बाटवता म्हणून. मी म्हणाले, “हे तू आपल्या घरी विचार.” तिने मान खाली घातली. मला तेही नाटक वाटलं.

संध्याकाळी पाळकसाहेबांना सांगितलं, ती मुलगी आपले व्हिडिओ काढते. “तुम्ही स्वतः पाहिलंत?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. पाहिला होता तो फक्त फोन. बाकीचं माझ्या मनातलं. ते म्हणाले, तिला जवळ घेऊन प्रेमाने विचारा. मी विचारलं नाही. पुढच्या शनिवारी ती जिना चढून आली तेव्हा दारातच उभी राहिले आणि म्हणाले, आता नवीन मुलं घेत नाही. रूथ अजून यायची होती, आत पोरं गिटार जुळवत होती. “ओके ताई,” एवढंच म्हणून ती उतरून गेली.

काही दिवसांनी तिची आई आली. उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात शिवणकाम करायची. ओढणीला निळे धागे तसेच चिकटलेले. पंख्याखाली बसली आणि बोलायला लागली. श्रावणीचे वडील वारल्यापासून पोरगी घरात बोलतच नव्हती. इथून आली की मात्र बोलायची, हसायची. “मीच पाठवत होते तिला. पोचलीस की मेसेज कर, निघालीस की कर, एवढंच बजावलं होतं. तिचं काय चुकलं, ताई?”

म्हणजे फोन त्यासाठी होता. मला कळलं – आणि तरी मी उठून खिडकीतून खाली पाहिलं. सोबत कुणाला आणलंय का हिने? गिरणीपाशी डबे घेऊन दोन बायका उभ्या होत्या, दुसरं कोणी नाही.

तेव्हा खरं सांगता आलं असतं. पण मग पाळकसाहेबांपुढे मी खोटी पडले असते. मी म्हणाले, “तिनेच यायचं सोडलं. दिवाळीपासून आलेलीच नाही.” हे ‘दिवाळीपासून’ कुठून आलं माझ्या तोंडात? खोटं पक्कं बसावं म्हणूनच ना?

“पण ती म्हणते, तुम्ही दारातून परत पाठवलं.”

“नाही हो. या वयात मुलं घरी काहीही सांगतात.”

ती माझ्याकडे बघत राहिली. माझे पिकलेले केस, हातात बायबल – ही बाई खोटं कशाला बोलेल? मग तिचा चेहरा बदलला. “दर शनिवारी ‘पोचले’ म्हणून मेसेज यायचा,” ती हळूच म्हणाली, “मग ही पोचायची कुठे?” मी तिला पाणी विचारलं.

पुढचं रूथकडून कळलं. आईने फोन काढून घेतला. कोण मुलगा आहे सांग, म्हणून रोज विचारायची. श्रावणी तेच तेच सांगत राहिली, मग सांगायचीही थांबली. परीक्षा होताच तिला मामाकडे गावी पाठवून दिलं. श्रावणी जायच्या आधी रूथ माझ्याकडे आली होती. “ताई, चला ना माझ्यासोबत. तिच्या आईला एकदा सांगा, ती इथेच येत होती.” चिखलोली किती लांब आहे इथून? मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात जाऊ. त्या आठवड्यातही गेले नाही, नंतरही नाही. रूथ यायची बंद झाली. का, ते मी विचारलं नाही.

शनिवार अजून घेते. नवीन मूल आलं की अजूनही माझी नजर आधी त्याच्या हाताकडे जाते.

श्रावणी दर शनिवारी आमच्याकडेच येत होती. दारातून तिला मी परत पाठवलं. आईला ती खरं सांगत होती.