सरांचं पत्र नातीनं लिहिलं

बुऱ्हाणपूरहून इंदूरची बस सुटली तेव्हा माझ्या शेजारची जागा रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, "दादाजी, थैला सीट पे रख लो." मी पिशवी मांडीवरच ठेवली. आयुष्यभर प्रवासात त्या बाजूला बायको बसायची. ती जाऊन वर्ष झालं, तरी तिच्या जागेवर पिशवी ठेवायला हात होत नाही.

निघताना आमच्या रावेरच्या मंडळींनी मला वेड्यात काढलं होतं. नातीचा फॉर्म भरायचा, तिथे म्हातारा जाऊन काय करणार? खरं आहे. मी चौथीपर्यंत शिकलेला, जन्म गेला केळीच्या गाड्या भरण्यात. पण कल्याणी, माझ्या मोठ्या मुलाची मुलगी, आमच्याजवळच वाढली. इंदूरला ती सोयाबीनच्या मुळांवर संशोधन करते. अशा मुलांना सरकार फेलोशिप देतं, म्हणजे पोट भरण्याची चिंता न करता काही वर्षं काम करता यावं इतकं मासिक वेतन. अर्ज देशभरातून येतात, घेतात मूठभर. आणि अर्ज पहिल्या दोन वर्षांतच करायचा असतो. मागच्या साली ती करणार होती, तर तिची आजी अंथरुणाला खिळली. पोरगी चार महिने उशाशी बसली आणि तारीख निघून गेली. आता ही शेवटची संधी. नाही मिळाली तर संशोधन सोडून कुठल्या तरी शाळेत लागणार, असं तिनंच सांगितलं होतं. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. फोनवर तिचा बसलेला आवाज ऐकला आणि मी निघालो.

असीरगडचा किल्ला डाव्या हाताला की उजव्या, ते आता आठवत नाही, डोळा लागला होता. खंडव्याला चहा घेतला, साखरेचा पाक नुसता. मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा आली तशी सगळ्या बसनं हात जोडले, बायांनी खिडकीतून नाणी टाकली. मी हात जोडले नाहीत. माझं देवाशी सध्या बोलणं बंद आहे.

खंडव्याला शेजारी येऊन बसलेल्या माणसानं विचारलं, "बाबूजी, इंदौर इलाज के लिए?"

"इलाज हो गया," मी म्हटलं. "अब नातिन का फारम है."

त्याला काय कळलं कोण जाणे, त्यानं मला अर्धी काकडी दिली.

सिमरोलच्या घाटात पुढच्या बाईला उलटी झाली आणि वाऱ्यानं ती माझ्या धोतरावर आली. असा मी इंदूरच्या भंवरकुआं चौकात उतरलो. तिथे जिकडे पाहावं तिकडे पोरांचे फोटो, खांबांवर, भिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर. शिकवणी वर्गांच्या जाहिरातीतले, परीक्षेत पहिले आलेले. जे पहिले आले नाहीत, ते फोटोंच्या खालून पाठीला दप्तर लावून चाललेले. त्यांचा फोटो कुणी लावत नाही.

कल्याणी एका मराठी घरात खोली घेऊन राहते. घरमालकीण तिथलीच, चार पिढ्यांपूर्वी होळकरांच्या चाकरीत आलेल्यांपैकी. माझं धोतर पाहून म्हणाली, "अरे बाप रे आप्पा! पहले आंघोळ करून घ्या, गीझर चालू आहे. मग गरम-गरम चाय पिऊ. बच्ची तर दो दिन से जेवलीच नाहीये ढंगानं." मराठी अशी, की अर्धी हिंदीनं खाल्लेली, पण माया पुरी होती.

मी शेजारणीनं दिलेल्या बिबड्या (ज्वारीचे जाड पापड) नेल्या होत्या. कल्याणीनं एक तोंडात घातली आणि थांबली. "आजीच्या नाहीत."

"नाहीत," मी म्हटलं.

मग ती संगणकावर लिहायला बसली. मी विचारलं, "अर्ज?"

"अर्ज झाला आप्पा. माझ्या गाइड सरांचं पत्र लिहितेय. माझी शिफारस."

"सरांचं पत्र तू का लिहितेस?"

"असंच असतं. सर म्हणतात, ड्राफ्ट बनवून आण, मी सही करतो."

मला वाटलं पोरगी थट्टा करतेय. मी वखारीतला माणूस. आमच्याकडे एखाद्या गड्याचा चांगुलपणा सांगायचा तर मुकादम आपल्या तोंडानं सांगायचा. गडी स्वतःच सांगायला लागला तर लोक हसायचे. आणि हे एवढे शिकलेले लोक! मुलीनं स्वतःचे गोडवे स्वतः लिहायचे, आणि खाली नाव दुसऱ्याचं! मी म्हटलं, वाचून दाखव मराठीत. ती वाचू लागली. कल्याणी नियमित येते, आज्ञाधारक आहे, सर्वांशी मिळून-मिसळून वागते.

"हे तर स्थळ पाहायला आलेल्यांना सांगतात," मी म्हटलं. "सोयाबीन कुठे गेलं यात?"

"आपणच आपल्याबद्दल किती लिहायचं? लाज वाटते."

पुढे एक ओळ होती. वैयक्तिक कारणांमुळे चार महिन्यांचा खंड.

माझं डोकं सटकलं. माझी बायको चार महिने मरत होती. ही तिला कुशीवर वळवत होती, चमच्यानं पेज भरवत होती. त्याला खंड म्हणतात?

"सरांनीच तसं लिहायला सांगितलंय," ती म्हणाली आणि दिवा घालवला.

सकाळी कोपऱ्यावर पोहे खाल्ले, वर शेव, शेवेवर जिरावन (आंबट-तिखट मसाला). चव चांगली होती, राग असूनही कळली. मग तिच्यामागोमाग विद्यापीठात गेलो. ती नको म्हणत होती, तरी गेलो.

सर सौम्य निघाले. उठून खुर्ची दिली. मी माझ्या मोडक्या हिंदीत सरळच विचारलं, "साहब, चिठ्ठी आपकी है तो आप क्यों नहीं लिखते?"

ते हसले. "दादाजी, सब जगह ऐसे ही चलता है. मैंने भी अपने गाइड की चिट्ठी खुद लिखी थी. बच्ची अच्छा लिख लेती है."

"और वो चार महीने?"

"उसको छेड़ना ठीक नहीं. कमेटी सोचेगी, आज दादी, कल शादी."

"आप इसका काम देखे भी हो क्या कभी?"

त्यांचा चेहरा लाल झाला. कल्याणीनं माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

"आप्पा, तुम्ही संध्याकाळच्या बसनं जाल. मला इथे अजून तीन वर्षं काढायची आहेत. सरांनी आता सहीच नाही केली तर?"

ती ग्रंथालयात निघून गेली. मी फाटकाबाहेर दुकानात बसलो. छातीत जळजळत होतं, म्हणून शिकंजी मागितली, लिंबाचं पाणी मिळेल म्हणून. आली ती केशर घातलेली दाट रबडी. मी दुकानदाराला म्हटलं, ये क्या दिया? तो म्हणाला, "दादाजी, ये इंदौर की शिकंजी है. निंबू घर पे निचोड़ना." बाजूची पोरं हसली. सगळी प्यालो. जळजळ वाढली.

दुपारी ती कागद घेऊन आली. डोळे सुजलेले, पण पाय ठाम. बाकावर बसून तिनं मला मराठी करून ऐकवलं.

"ही मुलगी चार महिने आजारी आजीची शुश्रूषा करायला घरी गेली होती. तेवढ्यात प्रयोगशाळेच्या गच्चीवरच्या तिच्या कुंड्यांना कुणी पाणी घातलं नाही, सगळी रोपं वाळली. परत आल्यावर तिनं पहिल्यापासून पेरणी केली. दुसऱ्या वेळीही मुळांवर तीच गोष्ट दिसली, जी पहिल्या वेळी दिसली होती. म्हणून तिच्या निष्कर्षावर माझा विश्वास आहे."

कुंड्यांचं मला ठाऊकच नव्हतं. प्रयोगशाळेत एवढी शिकलेली माणसं, आणि तांब्याभर पाणी कुणी ओतलं नाही! मी म्हटलं, "हे तू लिहिलंस?"

"सरांनी," ती म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

ती एकटीच आत गेली. मी बाहेरच्या बाकावर. दार अर्धवट उघडं होतं. बराच वेळ कागदाचा आवाज. मग सर म्हणाले, "वो दादी वाला हिस्सा हटा दो."

"सर, हटाया तो सिर्फ़ वो एक लाइन बचेगी कि लड़की मिलनसार है," ती म्हणाली. "उससे अच्छा आप ही पूरी चिट्ठी लिख दीजिए. शाम तक टाइम है. मैं बाहर बैठती हूँ."

मग सर म्हणाले, "मेरी मीटिंग है." आणि पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

पटलं म्हणून सही केली, असं मला वाटत नाही. लिहायचा कंटाळा आला म्हणून केली. जाता जाता मात्र ते दारात थांबले आणि तिला म्हणाले, "ये गमले वाली बात तुमने मुझे पहले क्यों नहीं बताई?" सांगायचं काय त्यात? कुंड्या त्यांच्याच गच्चीवर होत्या. मग सरांच्याच संगणकावरून तिनं तो कागद चढवला आणि अर्ज गेला.

संध्याकाळी ती मला बसवर सोडायला आली. मी म्हटलं, माझ्यामुळे तुला त्रास झाला. ती म्हणाली, "झालाच. पुढच्या वेळी बाहेरच बसायचं." मग खिडकीतून माझं उपरणं नीट करून गेली.

रावेरला आल्यापासून रोज कोणी ना कोणी विचारतं, लागला का निकाल? नाही लागला. मुलाखतीला बोलावतील, त्यात त्या चार महिन्यांचं विचारतील, असं कल्याणी म्हणते. विचारू देत. मला त्या सरांचा राग अजून आहे, त्यांच्या सरांचाही आहे, आणि कुंड्यांजवळून रोज ये-जा करणाऱ्या त्या सगळ्यांचा आहे. पण मुलाखतीत बसणारी ही शहाणी माणसं तो कागद हातात धरून वाचतील. माझी बायको आजारी होती आणि तिच्याजवळ कोणीतरी होतं, एवढं तरी त्यांना वाचावंच लागेल.