कमी केले की कमी झाले?

मंडळी, दुपारपासून आमच्या घरात कुणाचं कशात लक्ष नाही.

भाची मुक्ता आमच्याकडे राहून पीएचडी करते. माणसाच्या ज्या पेशींमुळे ॲलर्जीत खाज सुटते, त्या मास्ट पेशी ती प्रयोगशाळेत वाढवते. संभाजीनगरात ‘मास्ट’चं ‘मस्त’च ऐकू येतं, म्हणून मी रोज विचारतो, "काय, मस्त आहेत का पेशी?"

आज म्हणाली, "मामा, आज नको."

या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. ॲलर्जीचा निरोप तेच पकडतात. मराठीत ग्राही. मुक्ताच्या औषधानं हे ग्राही कमी केले, म्हणून घरात आनंद होता. आज कळलं, औषध न दिलेल्या पेशींवरचेही तेवढेच कमी झालेत. म्हणजे प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये राहून राहून पेशीच बदलल्या असाव्यात. आणि उद्या तिला हे काम सगळ्यांपुढं मांडायचंय.

"मग ‘कमी केले’ खोडून ‘कमी झाले’ लिही," मी म्हणालो. "क्रियापद अकर्मक झालं, औषधाचं कर्तेपण गेलं."

"मामा, माझं वर्ष गेलं! सरांना काय सांगू?"

"हेच."

तिनं गाईडसरांना तसा मेसेज पाठवला. सरांनी तो वाचला. उत्तर नाही. ती गॅलरीत येरझाऱ्या घालतेय. बायको म्हणते, "लई शहाणे तुम्ही! पोरगी जेवलीसुद्धा नाय." जेवलो तर मीही नाही.

तुमच्यात कुणी गाईड असेल तर एवढं सांगा: असा मेसेज वाचून तुम्ही इतका वेळ नेमकं काय करत असता?