वरच्या मजल्यावरची सभा

हे मी बायकोजवळही कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या अपंग संघटनेचा मी सोळा वर्षं अध्यक्ष. एक पाय पोलिओनं नेला, म्हणून कुबड्या. मोर्चे, निवेदनं, धरणी — सगळ्यात पुढे मीच. मग शारदा आली. तीनचाकी सायकलवरून ती बोलायला लागली, की माणसं हातातला चहा विसरायची. माझ्या भाषणात चहा मागवायची! जळलो मी. मुलीच्या वयाची पोर, मला ‘भाऊ’ म्हणणारी — तिच्यावर कसलं जळायचं? पण पार जळलो.

जिल्हा परिषदेची निवडणूक आली. एक उमेदवार आमचं ऐकायला तयार झाला. ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधून देईन, असं तो सभेत सर्वांसमोर लिहून देणार होता. शारदानं भाषण तयार केलं. सभा कुठे ठेवायची, हे मात्र त्याच्या माणसांनी मला विचारलं. शाळेचं पटांगण मोकळंच होतं. ऊन फार आहे, असं म्हणून मी वाचनालयाचा वरचा हॉल सांगितला. बावीस पायऱ्या.

चुकून? छे. मी कुबड्यांवर कसाबसा चढतो. शारदा कुणालाही स्वतःला उचलू देत नाही, हे मला पाठ होतं. “मी का कापसाचं गाठोडं आहो?” — या तिच्या वाक्यावर मीच टाळ्या वाजवल्या होत्या. सोळा वर्षं पायऱ्यांविरुद्ध ओरडलो, आणि गरज पडली तेव्हा पायऱ्याच कामाला लावल्या. आणखी पाच-सहा जणही खालीच राहिले. त्यांचा तर मी विचारही केला नव्हता.

शारदानं खालूनच कागद माझ्या हाती दिला. “भाऊ, तुमीच वाचजा. माह्यं नाव नाई घेतलं तरी चालते.”

नाही घेतलं. टाळ्या पडल्या — सोळा वर्षांत पडल्या नव्हत्या एवढ्या. खिडकीतून पाहिलं, तर खाली उन्हात तीही टाळ्या वाजवत होती.

उतार झाला. तिची सायकल त्यावरून कुणाच्या हाताशिवाय वर जाते. परवा कुणा पाहुण्याला ती सांगत होती, “हे आमच्या भाऊनं केलं.” मी शेजारीच उभा होतो. मी मान डोलावली.